मरुभूमीतील तळी आणि हिवाळी पाखरे

आपल्या देशात आजवर नोंदले गेलेले सर्वाधिक तापमान ५१ अंश सेल्सिअस असून त्याची नोंद १९ मे २०१६ रोजी पश्चिम राजस्थानातील फलोदी येथे झाली. ह्या फलोदीपासून तासाभराच्या चालीवर खीचन नावाचे खेडे आहे. मे महिन्यात जेथे चिमणीदेखील सावली सोडीत नाही, त्याच खेड्याच्या तळ्याकाठी पौष महिन्यातील एखाद्या सकाळी उभे राहिले, तर प्रथम दूरवरून कर्ण्यासारखा आवाज ऐकू येतो, मग क्षितिजावर काळसर रेघा उमटतात, आणि बघता बघता हजारो करकोचे डोक्यावरून गावाकडे उतरू लागतात. देशोदेशीचे पक्षिनिरीक्षक हे दृश्य पाहावयास येतात, छायाचित्रे घेतात व संतुष्ट होऊन परततात. परंतु पाण्यावाचून ज्याचे चालत नाही असा पक्षी देशातील अत्यंत कोरड्या मुलखात हिवाळा काढावयास का येतो, हा प्रश्न त्यांतील थोड्यांनाच पडतो. त्याचे उत्तर पक्षिशास्त्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे गावकऱ्यांनी पाणी कसे राखले ह्यात आहे.

प्रथम पाहुण्याची ओळख करून घेऊ. मराठीत ह्या पक्ष्याला कांड्या करकोचा म्हणतात. मारवाडात तो कुरजां ह्या नावाने ओळखला जातो. करकोच्यांच्या कुळात हा सर्वांत लहान. अंग राखी रंगाचे, मान व छाती काळी, आणि डोळ्यांमागून मानेवर रुळणारे पांढऱ्या पिसांचे तुरे. वजन दोन-तीन किलोपेक्षा अधिक नाही. मंगोलिया, कझाकस्तान इत्यादी देशांतील गवताळ माळांवर त्याची वीण होते. तेथे थंडी पडू लागली की हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. त्यांतील पुष्कळसे हिमालयाच्या शिखरांवरून उडत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भारतात उतरतात व मार्चपर्यंत राहतात. मराठी मुलखालाही ते अगदी अनोळखी नाहीत. हरभऱ्याच्या दिवसांत मराठवाड्यातील जलाशयांच्या काठी त्यांचे थवे दिसल्याच्या नोंदी आहेत. मारवाडी लोकगीतांत मात्र कुरजेचे स्थान निराळेच आहे. व्यापारासाठी परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोहोचवावा म्हणून घरची स्त्री तिची विनवणी करते. गंमत अशी की आज खीचनच्या पाखरांना जे धान्य मिळते, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा अशाच दूरदूरच्या शहरांत व्यापाराला गेलेल्या मंडळींकडून येतो.

हे धान्य घालण्याची पद्धत फार जुनी नाही. १९७० च्या दशकात गावातील एका जैन कुटुंबाने कबुतरांसाठी दाणे टाकावयास प्रारंभ केला. तेथे काही कुरजा उतरू लागल्या, त्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत गेली, आणि अखेरीस गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेली स्वतंत्र जागाच राखून ठेवली. तिला तेथे चुग्गाघर म्हणतात. रोज सकाळी तेथे ज्वारी पसरली जाते. पक्षी पोटभर दाणे टिपतात आणि मग पाण्याकडे वळतात. बहुतेक प्रवासवर्णने चुग्गाघराशीच थांबतात, हे चुकीचे आहे. धान्य पोत्यांतून आणता येते. एका वर्षी वर्गणी कमी पडली तर पुढल्या वर्षी भरून काढता येते. तळे तसे विकत आणता येत नाही. जून २०२५ मध्ये खीचनचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला, तोही मुख्यतः रातडी नाडी व विजयसागर तलाव ह्या दोन जलाशयांमुळे. ह्या यादीत राजस्थानातून पूर्वी भरतपूरचे केवलादेव व सांभर सरोवर अशी दोनच नावे होती. खीचनबरोबर उदयपूरकडील मेनार हे चौथे झाले.

नाडी म्हणजे गावतळे. परंतु आपल्याकडील गावतळे आणि मारवाडातील नाडी ह्यांत मोठा फरक आहे. पणजीला एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा पडावयास जैसलमेरला चार-पाच वर्षे लागतात. जोधपूरकडे वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, तर जैसलमेरकडे दोनशेच्या आतबाहेर पाऊस, आणि तोही मोजक्या सरींत. बारमाही नदी नाही. लुणी ही एकच मोठी नदी, पण ती पावसाळ्यापुरती वाहते आणि बालोतऱ्याच्या पुढे तिचे पाणी खारट होते. जमिनीखालचे पाणीही पुष्कळ ठिकाणी खारट. अशा मुलखात तळे भरावयाचे तर त्याच्याभोवतीची शेकडो बिघे जमीन पाणी गोळा करण्याच्या कामी लावावी लागते. ह्या जमिनीला आगोर म्हणतात. आगोरात नांगर धरावयाचा नाही, शौचास बसावयाचे नाही, मेलेले जनावर टाकावयाचे नाही, पुष्कळ ठिकाणी तर जोडे घालून जावयाचेही नाही, असे नियम गावोगाव पाळले जात. हे नियम धर्माच्या नावाने सांगितले गेले असतील, पण त्यांतील प्रत्येकाला आरोग्यशास्त्राचा किंवा जलशास्त्राचा आधार आहे. नांगरलेली जमीन पाणी पिऊन टाकते, टणक जमीन ते वाहू देते. आणि आगोरातील घाण पहिल्याच सरीबरोबर तळ्यात उतरते.

मरुभूमीतील लोकांनी पाण्याचे तीन प्रकार मानले आहेत. आकाशातून पडून जमिनीवर साठते ते पालर पाणी. खोल विहिरीत लागते ते पाताळ पाणी. आणि ह्या दोहोंच्या मध्ये, वाळूत मुरलेले परंतु खालच्या खडूसारख्या अथवा जिप्समच्या थरामुळे अडकून राहिलेले ते रेजाणी पाणी. हे तिसरे पाणी अरुंद कुंयांतून थेंबथेंब झिरपवून काढतात. अनुपम मिश्र ह्यांनी आपल्या हिंदी पुस्तकांतून ह्या साऱ्या विद्येचे अत्यंत प्रेमाने वर्णन केले आहे. त्यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ १९९३ साली प्रसिद्ध झाले.

पालर पाणी साठविण्याचे घरगुती साधन म्हणजे टांका. जमिनीत गोल हौद खणावयाचा, आतून गिलावा करावयाचा, वरून घुमटासारखे झाकण घालावयाचे, आणि भोवती बशीसारखे उतरते अंगण करावयाचे. त्याचा हिशोब शाळेतील मुलालाही करता येईल. अंगणाची त्रिज्या १० मीटर धरली तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मीटर झाले. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटर धरला, तर त्या अंगणावर जवळजवळ ६२,८०० लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे मुरण्यात व उडून जाण्यात गेले असे मानले तरी तीस हजारांवर लिटर हाती लागतात. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज १० लिटर दिले, तर वर्षाचा खर्च २१,९०० लिटर होतो. म्हणजे जेथे नदी नाही, विहीर नाही, तेथेही एक कुटुंब पिण्याच्या पाण्यापुरते स्वतंत्र राहू शकते. १९५९ साली जोधपूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने टांक्याच्या सुधारलेल्या रचनाही तयार केल्या आहेत.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. टांका उत्तम, कारण तो झाकलेला असतो. थरच्या वाळवंटात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन जाते. पडतो वीतभर, उडतो पुरुषभराहून अधिक, असा हा व्यवहार आहे. तेव्हा केवळ लिटर मोजणारा मनुष्य असेच म्हणेल की उघडी तळी बुजवा आणि सगळे पाणी झाकून ठेवा. परंतु झाकलेल्या हौदात करकोच्याची चोच पोहोचत नाही. शेळीमेंढीचेही तोंड पोहोचत नाही. जुन्या लोकांनी ह्या दोन गरजांची गल्लत केली नाही. माणसासाठी टांका झाकला, आणि गुरांसाठी व पाखरांसाठी नाडी उघडी ठेवली. वाफ होऊन जाणारे पाणी त्यांनी नासाडीत धरले नाही.

आणि पाखरांच्या दृष्टीने पाहिले तर हे हळूहळू उतरणारे पाणीच सर्वांत मोलाचे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा वेग भयंकर असतो. हिवाळ्यात मात्र तो दिवसाला तीन-चार मिलिमीटरवर येतो. समजा, नाडीच्या एका बाजूचा काठ इतका सपाट आहे की शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार पडतो. तेथे पाणी तीन मिलिमीटरने उतरले म्हणजे काठाचा तीस सेंटिमीटर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. रोज नवा पट्टा, रोज नवे किडे, नवे बी, नव्या शिंपल्या. शेकाट्या, तुतवार व धोबी ह्या पक्ष्यांची पंगत त्याच पट्ट्यावर बसते. थोड्या आत, गुडघाभर पाण्यात, थापट्या व तलवार बदके पाणी चाळीत असतात. चक्रवाकाची बदामी जोडी बहुधा काठावरच. करकोचेही उथळ पाण्यातच उतरतात, कारण त्यांना पोहावयाचे नसते; पाय बुडवून उभे राहावयाचे, पाणी प्यावयाचे आणि चहूकडे नजर ठेवावयाची असते. म्हणून तळ्याचा गाळ काढताना एका अंगाचा उथळ काठ राखणे हे पाणी साठविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आता यंत्राने गाळ काढताना चारही बाजू भिंतीसारख्या उभ्या कापल्या जातात. पाणी मावते अधिक, उडते कमी. कागदावर काम उत्तम दिसते. पाखरू मात्र तेथे उतरत नाही. कालव्याच्या प्रदेशातील सिमेंटच्या डिग्ग्या आणि आपल्या महाराष्ट्रातील प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी ह्यांचेही तेच. त्यांच्या निसरड्या उतारावरून आत पडलेले जनावर वर येऊ शकत नाही.

पाण्यासाठी पक्षी किती बांधलेला असतो, ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण पाखुर्डीचे. हा पारव्याएवढा, मातकट रंगाचा पक्षी कोरडे बी खाऊन राहतो. त्यामुळे त्याला रोज पाणी लागतेच. ठरावीक वेळी, बहुधा सकाळी ऊन चढू लागताना, दूरदूरचे थवे एकाच पाण्यावर येतात, घाईघाईने दोन-चार घोट घेतात व निघून जातात. काळ्या पोटाची मोठी पाखुर्डी हिवाळ्यात उत्तरेकडून बिकानेर भागात येते. तिच्या ह्याच सवयीमुळे संस्थानी काळात बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर तिची प्रचंड शिकार होत असे. महाराजा गंगासिंह ह्यांचे पाहुणे बंदुका घेऊन पाण्याकाठी बसत, आणि पाखुर्ड्यांना येण्यावाचून गत्यंतर नसे. ज्या महाराजांच्या पदरी ह्या शिकारी आहेत, त्यांनीच १९२७ साली सतलजचे पाणी गंग कालव्याने आपल्या राज्यात आणले. मनुष्याच्या कर्तृत्वाचा ताळेबंद असा दुहेरी असतो. असो.

नाडीखेरीज जैसलमेर भागात खडीन नावाची आणखी एक रचना आहे. पालीवाल ब्राह्मणांनी ती पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ केली असे मानतात. खडकाळ उतारावरून येणारे पाणी लांबलचक मातीच्या बांधाने अडवावयाचे, पावसाळाभर ते शेतात उभे ठेवावयाचे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी जिरले की त्याच ओलीवर गहू किंवा हरभरा पेरावयाचा. एक हेक्टर पिकासाठी दहा-पंधरा हेक्टर उतार लागतो. करकोच्यांना हे ओलसर, मोकळे शेत फार आवडते. शेतकऱ्याला ते तितकेसे आवडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाखरांवरील प्रेमाचा हरभऱ्याच्या रोपाशी जेथे संबंध येतो, तेथे ते प्रेम किती टिकेल हे त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते.

ह्या व्यवस्थेला मोठा धक्का बसला तो पाणी येण्याने, हे वाचून आश्चर्य वाटेल. ३१ मार्च १९५८ रोजी गोविंद वल्लभ पंत ह्यांच्या हस्ते राजस्थान कालव्याचा पाया घातला गेला. सतलज व बियास ह्यांच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यातून पाणी घेऊन पूरक कालव्यासह ६४९ किलोमीटर लांबीचा हा कालवा जैसलमेरपर्यंत नेण्यात आला. १९८४ साली त्याला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. त्याने लाखो लोकांची तहान भागविली, मैलोगणती डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या स्त्रियांचा भार उतरविला, हे निर्विवाद आहे. त्याच्या पाझराने ठिकठिकाणी नवी पाणथळे झाली व तेथेही पक्षी जमू लागले. काही भागांत मात्र जमिनी पाणथळ व खारट होऊन पिकांना मुकल्या. पण नळ आला आणि पुष्कळ गावांची आगोरावरील नजर सुटली. जे पाणी प्यावयाचे नाही, त्याच्या वाटेवर खाण निघाली काय, घर उठले काय, वेड्या बाभळीचे रान माजले काय, कोणाला विचारावयाचे? खीचनसारखी गावे ह्यास अपवाद ठरली, ती कुरजांमुळे. तेथे पाखरांनी तळे राखले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र पाणी आहे म्हणजे सारे क्षेम आहे, असेही समजू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभर सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी मेलेले आढळले. बॉट्युलिझम हे त्याचे कारण ठरले. कुजणाऱ्या पदार्थांत, हवा न मिळणाऱ्या चिखलात एक जिवाणू वाढतो व विष तयार करतो. त्या विषाने मेलेल्या पक्ष्यावर अळ्या पडतात, अळ्या खाऊन दुसरा पक्षी मरतो, आणि हे चक्र कोणी प्रेते उचलून नेईपर्यंत थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात मेलेल्या करकोच्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. आजूबाजूची तळी आटली वा बुजली, की उरलेल्या एखाद्याच तळ्यावर दाटी होते, आणि दाटीत रोग लवकर फैलावतो. एकाच खीचनचा बोलबाला होण्यापेक्षा पन्नास साध्यासुध्या नाड्या जिवंत असणे पाखरांच्या अधिक हिताचे, ते ह्यामुळे.

हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्याने काय करावे, हेही सांगितले पाहिजे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील मंडळींना हा मुलूख काही दूर नाही. डिसेंबर व जानेवारी हे महिने उत्तम. सूर्योदयापूर्वी जागेवर पोहोचावे, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि एका जागी बसून राहावे. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून बसलेल्या थव्याकडे धावत जाणारे महाभाग तेथेही भेटतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडविणे म्हणजे त्याने साठविलेली चरबी उधळणे होय. परतीच्या प्रवासात तीच त्याची शिदोरी असते. थवा मोजताना एकेक पक्षी मोजू नये. शंभर पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावे व तेवढे तुकडे मोजावेत. विजेच्या तारा कोठून जातात तेही पाहून ठेवावे, कारण धुक्याच्या सकाळी तारांवर आदळून करकोचे मरतात. पिण्याचे पाणी स्वतःबरोबर न्यावे.

दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत, जी १९८७ पासून चालत आली आहे, हौशी माणसालाही भाग घेता येतो. परंतु गणनेच्या वहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याचाही आकडा लिहिण्याची सवय ठेवावी. त्यासाठी उपकरण लागत नाही. तळ्यात रोवलेली खुणा केलेली काठी पुरे. कोणत्या तारखेला पाणी कितव्या खुणेवर होते, उथळ काठ कोणत्या बाजूस होता, आगोरात नवे बांधकाम दिसते काय, एवढे दहा वर्षे लिहिले गेले, तर पाखरे कमी का झाली ह्याचे उत्तर शोधताना निव्वळ तर्क लढवावे लागणार नाहीत. शाळांनी हे काम अंगावर घेतले तर फारच चांगले. तिमाही परीक्षेनंतर पहिली नोंद आणि वार्षिक परीक्षेपूर्वी शेवटची, असा त्याचा हंगाम आपोआपच जमतो.

मार्चमध्ये ऊन तापू लागते. करकोचे तापल्या हवेच्या भोवऱ्यावर चढत चढत दिसेनासे होतात. चैत्र-वैशाखात नाडीचे पाणी मधल्या खोलगट भागापुरते उरते, कधी तेही उरत नाही. मग तळाच्या मातीला भेगा पडतात, आणि तेव्हाच कुदळ चालविण्याची वेळ येते. वाळलेला गाळ टोपल्यांनी काढून पाळीवर अथवा शेतात टाकावयाचा, आगोरातील काटेरी रोपटी उपटावयाची, वाहत येणाऱ्या पाण्याच्या वाटा झाडून मोकळ्या करावयाच्या. हे सारे जेठ सरण्यापूर्वी उरकावे लागते. त्या बाजूस पाऊस जुलैच्या आरंभाला येतो, आणि पहिली मोठी सर पुष्कळदा एका दुपारीच पडून जाते.